येशूसंघाची दप्तरे कोणाची?

इ. स. १६०८च्या डिसेंबरात गोव्याहून रोमला एक पत्र रवाना झाले. लिहिणारा इंग्रज, ज्याला लिहिले तो इटालियन, आणि पत्रातला एक विषय मात्र अस्सल येथला. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट पंथाचे, फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या संघाचे सर्वोच्च प्रमुख क्लाउदियो आक्वाव्हिवा यांच्याकडे मागणी केली होती, की येथील लोकांसाठी लिहिलेली पुस्तके येथील लिपीतच छापण्याची अनुज्ञा व सोय व्हावी. अडचणही त्यांनी प्रांजळपणे नमूद केली होती. रोमन वर्णमालेचे काम दोन डझन अक्षरांवर भागते. येथे मात्र सहाशेच्या घरात ठसे पाडावे लागतील. ती मागणी फलद्रूप झाली नाही. आठ वर्षांनी, १६१६ साली, स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण साष्टीतील रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. देवनागरी ठशांत मराठी व्याकरण छापून निघण्यासाठी पुढे १८०५ साल उजाडावे लागले, आणि तेही बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात, विल्यम कॅरी यांच्या हातून.

मराठी मुद्रणाच्या इतिहासातील हा 'जर-तर' आज ज्ञात आहे, तो केवळ एका सवयीमुळे. येशूसंघाला कागद जपण्याची सवय होती. पत्र आले की ते नोंदवायचे, बांधायचे, आणि टाकून द्यायचे नाही. त्या सवयीचे ऋण मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांवर किती आहे याची जाणीव येथील सुशिक्षित समाजाला फारशी नाही; आणि ती सवय ज्यांना वारशाने मिळाली त्यांच्यातही ती पूर्वीच्या जोमाने टिकून आहे असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे दप्तरांचे काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, ते वाड्यांच्या माळ्यांवर सडत पडलेल्या रुमालांसाठीच.

संघाची स्थापना १५४० सालची. दोनच वर्षांनी, ६ मे १५४२ रोजी, फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी पत्रलेखन हा शिस्तीचाच भाग करून टाकला होता. दूरदेशी गेलेल्या प्रत्येकाने ठरावीक काळाने वृत्तांत धाडायचा, प्रत्येक ठाण्याने वर्षाची हकिगत कळवायची, आणि समुद्राचा भरवसा नसल्यामुळे त्याच पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या गलबतांनी रवाना करायच्या. एक जहाज बुडाले तरी दुसऱ्यावरची नक्कल पोचे. आजच्या संगणकतज्ज्ञांनी मूळ माहितीच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी ठेवण्याचा जो उपदेश चालवला आहे, तो सोळाव्या शतकात अशा रीतीने आचरणात होता. या पत्रव्यवहारापैकी १५४० ते १५९७ या काळातील भारतविषयक कागद फादर योसेफ विकी यांनी 'दोकुमेन्ता इंदिका' या नावाने अठरा खंडांत संपादून छापले. पहिला खंड १९४८चा, शेवटचा १९८८चा. एका माणसाची चाळीस वर्षे आणि इतिहासाची सत्तावन्न वर्षे, असा हा हिशेब आहे. १५९७ नंतरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे कागद त्या मालिकेच्या बाहेरच राहिले.

पण सवय कितीही चांगली असली तरी सत्तेचा फटका तिच्याहून जबर असतो. १७५९ साली पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने संघाला पोर्तुगीज मुलखातून हद्दपार केले. गोव्यातील मठ व विद्यालये जप्त झाली. त्यांबरोबर कागदही जप्त झाले. १७७३ साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी संघच विसर्जित केला. तो पुन्हा उभा राहिला १८१४ साली. मधल्या काळात ज्या घराला धनीच उरला नव्हता, त्या घरातील दप्तराची जी दशा व्हावी ती झाली. काही कागद गोव्याच्या सरकारी दप्तरात शिरले, काही लिस्बनला गेले. जप्तीच्या आधी, १७४०च्या दशकात, मकाव येथे संघाच्याच माणसांनी पूर्वेकडील कागदांच्या नकला करवून घेतल्या होत्या. त्या आज लिस्बनच्या आजुदा राजग्रंथालयात आहेत आणि मुळांची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. गोव्याच्या संघगृहांतील कागदांचा एक गठ्ठा विल्यम मार्सडेन या इंग्रज संग्राहकाच्या हाती लागला आणि पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. याच मार्सडेन यांच्या संग्रहातून ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित लंडनच्या पौर्वात्य विद्येच्या शाळेत पोचले. तेथे ते आहे, हे जस्टिन ॲबट यांनी जगाला सांगितले. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन छापील आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. मराठीतला हा महाग्रंथ वाचायला मिळतो तो हस्तलिखितांवरून तयार केलेल्या नंतरच्या आवृत्त्यांमुळे: १९०७ची मंगळूरची, १९५६ची पुण्याची आणि त्यांनंतरच्या. छापलेले नष्ट झाले आणि हाताने लिहिलेले तगले, हा उलटा न्याय ग्रंथपालांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अकबराच्या दरबारी गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळातील फादर आंतोनी मोन्सेरात यांची कथा याहून विलक्षण. त्यांनी लॅटिनमध्ये लिहिलेला त्या वकिलातीचा वृत्तांत मोगल इतिहासाचे अव्वल साधन मानला जातो. तो कित्येक पिढ्या हरवलेलाच होता. १९०६ साली तो सापडला, तो ना रोममध्ये ना गोव्यात, तर कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयात, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या फडताळात. आठ वर्षांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीने तो छापला. तो तेथवर कसा पोचला याचा ऊहापोह संशोधकांनी करावा. सामान्य वाचकाने एवढेच लक्षात घ्यावे, की तीनशे वर्षांचा हा वनवास संपला तो कोणाच्या योजनेमुळे नव्हे, कोणीतरी कपाट उघडले म्हणून.

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, की हा एका परदेशी धर्मसंघाच्या घरचा मामला आहे. त्यांचे कागद त्यांनी सांभाळावेत वा जाळावेत, मराठी माणसाला त्याचे सोयरसुतक कशाला? आणि गोव्याचा सोळाव्या शतकाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो याहून कडक शब्दांत विचारील, की ज्यांच्या काळात देवळे पाडली गेली त्यांच्या दप्तरांची काळजी वाहणे हा कुठला न्याय? प्रश्न टाळण्याजोगा नाही. परंतु त्याचे उत्तर त्या दप्तरांतच आहे.

१५५९ सालच्या पत्रांत एक हकिगत येते. ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाच्या मदतीने एका विद्वान ब्राह्मणाच्या घरातील पोथ्या उचलून गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात आणण्यात आल्या. त्या गृहस्थाने कित्येक वर्षे खपून व्यासांच्या ग्रंथाची ती पोथी-पोथी गोळा केली होती आणि तिचे देशभाषेत रूपांतर करण्यात तो गढला होता. विद्यालयात त्या पोथ्यांचे उतारे भाषांतरित झाले, ते हिंदूंशी वाद घालताना उपयोगी पडावेत म्हणून. हकिगत लिहिणाऱ्याला यात काही वावगे वाटलेले नाही; उलट त्याच्या लेखणीत विजयाचा सूर आहे. त्या अनाम मराठी विद्वानाची व्यथा कोणत्याही मराठी कागदात नोंदलेली नाही. त्याचा संग्रह होता, तो लुटला गेला, एवढे आज कळते ते लुटणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. हे पत्र जर कोणी, आपल्या संघाची अब्रू जाईल म्हणून, सद्भावाने फाडून टाकले असते, तर तो विद्वान दुसऱ्यांदा लुटला गेला असता.

कुंकळ्ळीचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १५ जुलै १५८३ रोजी तेथील गावकऱ्यांनी फादर रुदोल्फो आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार संघबंधू यांना ठार केले. हे रुदोल्फो म्हणजे वर उल्लेखिलेल्या संघप्रमुखांचे पुतणे, आणि काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतलेले. पुढे गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. चर्चने १८९३ साली त्या पाच धर्मगुरूंना धन्य घोषित केले. गावाने आपल्या प्रमुखांची स्मृती आपल्या परीने जपली. दोन्ही स्मृती आपापल्या जागी खऱ्या आहेत. पण त्या दिवशी काय घडले, त्याआधीच्या वर्षांत गावावर कोणत्या मोहिमा झाल्या, कोणती देवळे पाडली गेली, कर का थकला, हे तपशिलाने सांगणारा कागद आहे तो संघाच्या पत्रव्यवहारात आणि पोर्तुगीज सरकारच्या दप्तरात. गावकऱ्यांच्या बाजूने लढणाऱ्या आजच्या लेखकालाही पुरावा शोधायला तेथेच जावे लागते. देवळांच्या जमिनींचे तसेच आहे. फोराल आणि तोंब या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदवह्यांत गावोगावच्या देवस्थानांच्या जमिनी लिहिल्या गेल्या, त्या ताब्यात घेण्यासाठी. त्या याद्यांवरूनच कोणत्या गावात कोणते दैवत होते हे अभ्यासकांना पुन्हा जुळवता आले. जप्तीची यादी ही कालांतराने स्मरणाची यादी ठरली.

तेव्हा दप्तर जपणे म्हणजे दप्तराच्या मालकाचा गौरव करणे, ही समजूत मुळातच चुकीची. इन्क्विझिशनचे न्यायालय १८१२ साली गोव्यातून उठले आणि त्याच्या खटल्यांचे कागद बहुतांशी नष्ट करण्यात आले. त्या नाशाने लाभ कोणाचा झाला? छळलेल्यांचा खचितच नाही. ज्यांची नावे त्या खटल्यांत होती, ती माणसे आज आकड्यांत उरली आहेत.

जगात इतरत्रही हाच अनुभव आहे. अमेरिकेतील मेरिलँडच्या जेझुइटांनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्रीपुरुषांची विक्री केली. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउनच्या विद्यालयाचे कर्ज फेडण्यात गेला. विक्रीचा करार, गुलामांची नावनिशीवार यादी, बाप्तिस्म्याच्या नोंदी हे सारे संघाच्याच कागदपत्रांत जपलेले होते. त्यावरून गेल्या दशकात त्या माणसांचे वंशज शोधले गेले, आणि २०१७ साली जॉर्जटाउन विद्यापीठाने व संघाने त्यांची जाहीर क्षमा मागितली. कॅनडात आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांतील मृत्यूंचा प्रश्न २०२१ साली पेटला, तेव्हा त्या शाळांपैकी अनेक चालवणाऱ्या ऑब्लेट संघाला आपले कागद खुले करण्याचे वचन द्यावे लागले. दोन्ही ठिकाणी दप्तराचा मालक आरोपी होता, आणि साक्षीदार त्याचे दप्तर.

या पार्श्वभूमीवर चर्चच्या कायद्यातील एका तरतुदीकडे लक्ष वेधणे भाग आहे. १९८३च्या धर्मविधिसंहितेने प्रत्येक धर्मप्रांतात गुप्त दप्तर ठेवण्यास सांगितले आहे; आणि त्याच कलमात, ४८९व्या, अशीही आज्ञा आहे की नीतिविषयक गुन्ह्यांच्या खटल्यांतील अपराधी मृत झाले असतील किंवा शिक्षेस दहा वर्षे उलटली असतील तर ते कागद दरवर्षी नष्ट करावेत, केवळ थोडक्यात सारांश व निकालपत्र ठेवावे. हे कलम बिशपांच्या कार्यालयांसाठी आहे, धर्मसंघांच्या ऐतिहासिक दप्तरांसाठी नव्हे, हे खरे. पण त्यामागची वृत्ती, म्हणजे काळ लोटला की किटाळ झाडून टाकावे ही, कलमापुरती थांबत नाही. याच चर्चच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने १९९७ साली जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून दप्तरे ही ख्रिस्ती समाजाच्या स्मृतीची स्थाने आहेत, ती नीट राखावीत, अभ्यासकांना खुली करावीत, असे कळवले होते. एकाच घरात दोन आज्ञा आहेत. त्यांपैकी कोणती पाळली जाते, हे त्या त्या ठिकाणच्या माणसावर अवलंबून राहते.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर धोका सोळाव्या शतकाच्या कागदांना तितका नाही. ते रोमला, लिस्बनला, लंडनला आणि पणजीच्या पुराभिलेखागारात पोचलेले आहेत. पणजीच्या संग्रहाला पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारखा राखणदार लाभला आणि त्यांनी १९५५ साली त्याची वाटाड्यासारखी सूची करून ठेवली. जुन्याला मान आहे. धोका आहे तो एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या कागदांना, कारण ते पुरेसे जुने नाहीत. मुंबई-पुण्याच्या प्रदेशात १८५०च्या दशकात जर्मन भाषिक जेझुइट आले. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९चे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मनांना शत्रू ठरवून घालवले. त्यांच्या जागी मुंबईत स्पॅनिश आले. त्यांतच १९२२ साली फादर हेन्री हेरास आले आणि १९२६ साली त्यांनी झेवियर्समध्ये इतिहास संशोधन संस्था काढली. ती आज त्यांच्याच नावाने चालते.

पण खरी मौल्यवान सामग्री शहरात नाही. ती आहे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील केंदळ, राहुरी, संगमनेर या परिसरात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तेथील महार-मांग वस्त्यांत या धर्मगुरूंनी काम सुरू केले. गावकुसाबाहेरच्या माणसाची नोंद त्या काळी कुलकर्ण्याच्या दप्तरात कितपत होई? झालीच तर वेठीसाठी वा बलुत्यासाठी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मात्र बापाचे नाव, आईचे नाव, गाव, तारीख, साक्षीदार असे सारे रीतसर लिहावे लागे. दुष्काळ, प्लेग, स्थलांतर, शाळेत घातलेली पहिली पोर, देवीची शपथ मोडल्यावरून गावाने टाकलेला बहिष्कार, असल्या गोष्टी जेथे सापडण्याचा संभव आहे ती जागा म्हणजे या नोंदवह्या आणि प्रत्येक संघगृहात राखण्याचा रिवाज असलेली गृहवृत्तांताची वही. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, ग्रामीण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला असे साधन दुसरीकडे सहजासहजी मिळणार नाही. केंदळहून १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. ते आजही निघते. शतकाहून अधिक चाललेले मराठी मासिक हीच केवढी दुर्मीळ वस्तू. त्याचे सारे अंक ओळीने कोणत्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचता येतात, असा प्रश्न मराठीच्या किती विभागप्रमुखांनी आजवर विचारला आहे?

येशूसंघाची जगभरची सदस्यसंख्या १९६५ साली छत्तीस हजारांवर होती. आज ती चौदा हजारांच्या आसपास आहे. युरोपात प्रांत एकमेकांत मिसळत आहेत. २०२१ साली जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि लिथुआनिया-लाटव्हिया मिळून एकच प्रांत करण्यात आला. ज्या जर्मन व स्विस धर्मगुरूंनी नगर-पुण्याच्या खेड्यांतून घरी व वरिष्ठांना पत्रे लिहिली, त्यांचे कागद अशाच प्रांतांच्या ताब्यात आहेत, आणि त्यांची भाषा जर्मन असली तरी त्या काळचे वळणदार हस्ताक्षर आजच्या जर्मनालाही शिकल्याशिवाय लागत नाही. भारतात संघाची माणसे अजून भरपूर आहेत. तरीही जुनी घरे बंद होतात, इमारती पडतात, नव्या बांधल्या जातात. घर आवरण्याची वेळ आली की भांडीकुंडी मोजली जातात, चर्चची चांदी मोजली जाते. कागदांचे गठ्ठे मात्र 'नंतर पाहू' म्हणून ट्रंकेत भरले जातात. ज्याला त्या ट्रंकेतले कळत होते तो वृद्ध धर्मगुरू तोवर वारलेला असतो. वाळवीला अर्थातच कोणतीही भाषा वर्ज्य नाही.

कोकण-गोव्याच्या हवेत कागद टिकवणे हे कष्टाचे काम आहे. लोखंडाच्या क्षारापासून केलेली जुनी शाई आम्लधर्मी असते. दमट हवेत ती कागद खात जाते, आणि काही पानांवर अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. पोलादी मांडण्या भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवणे, आम्लरहित कागदाच्या पेट्या, पावसाळ्यात ओल मोजण्याचे साधे यंत्र, वर्षातून दोनदा प्रत्येक गठ्ठा उघडून पाहणारा माणूस, एवढ्यावर निम्मे काम भागते. यांत अवघड आहे तो शेवटचा, माणूस. यंत्रे देणगीत मिळतात. तीस वर्षे एकाच खोलीत बसून धूळ झटकणारा आणि त्याच वेळी पोर्तुगीज-लॅटिन वाचणारा माणूस देणगीत मिळत नाही.

हल्ली प्रत्येक सभेत एक सोपे उत्तर दिले जाते: सगळे संगणकावर चढवा. चढवावेच. ज्या कागदाची छायाप्रत दुसऱ्या गावात आहे, तो आगीत गेला तरी पूर्ण जात नाही; मकावच्या नकलांनी ते दाखवले आहे. पण सूचीवाचून घेतलेली दोन लाख पानांची छायाचित्रे म्हणजे कुलूप नसलेली, तरीही कोणाला न उघडणारी खोली. शिवाय छायाप्रत काढली की मूळ कागद अडगळ ठरतो, हा मोह मोठा आहे. कागदाचा जलचिन्हांकित पोत, शाईचा बदल, मागाहून खोडलेली ओळ, यांवरूनच अनेकदा लबाडी उघडकीस येते. छायाप्रत तेवढे सांगत नाही.

कायद्याची मदत येथे मर्यादित आहे. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागदांपुरता. खाजगी संस्थेने आपले दप्तर जाळले तर तो हात बांधून उभा राहतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा हस्तलिखित कागद ही पुरावस्तू ठरते आणि तो देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे कोणा वरिष्ठाला उद्या वाटले, की हे सारे रोमला सुरक्षित राहील, तर तो मार्ग बंद आहे, आणि बंद असलेलाच बरा. सोळाव्या शतकातील गोव्याच्या अभ्यासासाठी आज रोम, लिस्बन, लंडनची वारी करावी लागते, ब्रागा येथील ग्रंथालयात पडलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी गद्यकथांसाठी पोर्तुगालच्या उत्तरेला जावे लागते. विसाव्या शतकातील नगर जिल्ह्याच्या अभ्यासासाठीही युरोपचे तिकीट काढावे लागू नये.

धर्मसंघाच्याही काही रास्त अडचणी आहेत. दप्तरात खाजगी पत्रे असतात, सोडून गेलेल्यांची, आजारी पडलेल्यांची, चुकलेल्यांची. जिवंत माणसांची अब्रू चव्हाट्यावर मांडणे हे संशोधन नव्हे. त्यासाठी मुदतीचा पडदा हा जगन्मान्य उपाय आहे. व्हॅटिकनने बाराव्या पायसच्या कारकिर्दीचे कागद २०२० साली अभ्यासकांसाठी उघडले, ते त्या पोपच्या मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी. उशीर झाला अशी टीका झाली, आणि ती योग्यही होती. पण कागद शाबूत होते, म्हणून उघडता आले. साठ वर्षे झाकून ठेवणे आणि सहा मिनिटांत फाडणे यांत जे अंतर आहे, तेच इतिहासाला हवे असते. कोणते कागद कधी उघडतील, हे लेखी जाहीर करून टाकले तर संशयाला जागा उरत नाही. आज बहुतेक ठिकाणी ते दप्तर सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर चालते: ओळखीच्या माणसाला चहा आणि गठ्ठा दोन्ही मिळतात, अनोळखी विद्यार्थ्याला 'फादर बाहेरगावी गेले आहेत' एवढेच उत्तर मिळते.

आणि विद्यापीठांचे काय? गोव्यात पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उभे आहे, मुंबईत हेरास संस्था आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून आहे. जागा आहेत, परंपरा आहे. पण सोळाव्या-सतराव्या शतकातील पोर्तुगीज हस्ताक्षर वाचू शकणारी, आणि त्याच वेळी मोडी व जुनी मराठी जाणणारी, किती तरुण मुले महाराष्ट्रातील इतिहास विभागांतून दरवर्षी बाहेर पडतात? अ. का. प्रियोळकरांनी लिस्बनची दप्तरे चाळून मराठीच्या पदरात टाकलेले धन पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा उद्धृत केले. त्यांच्यासारखे तेथे जाऊन बसणारे मात्र मोजकेच निघाले. स्टीफन्स यांनी १५८३ साली आपल्या भावाला कळवले होते, की येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. विल्यम जोन्स यांनी हाच विचार १७८६ साली मांडला आणि त्यातून एक शास्त्र जन्मले. स्टीफन्स यांचे पत्र छापून प्रसिद्ध झाले ते विसाव्या शतकात. ते दडवले नव्हते, हरवलेही नव्हते. ते व्यवस्थित ठेवलेले होते, आणि कोणी वाचले नव्हते.

म्हणून मागणी करायची ती मोठ्या इमारतीची नव्हे. संघाच्या महाराष्ट्र-गोव्यातील प्रत्येक घराने, विशेषतः जे घर येत्या चार-पाच वर्षांत बंद होणार आहे त्याने, आपल्याकडील नोंदवह्या, गृहवृत्तांत, पत्रे आणि मासिकांचे अंक यांची साधी मराठी यादी करावी: वहीचे नाव, भाषा, साल, पाने, स्थिती. यादीची एक प्रत हेरास संस्थेत आणि एक जवळच्या विद्यापीठात ठेवावी. ही कामे करायला इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थी आणि एक उन्हाळ्याची सुटी पुरते. त्यांचा प्रवासखर्च आणि जेवण एवढा भार संघाला जड नाही, आणि त्यांना त्या कामाचे गुण देणे विद्यापीठाला अशक्य नाही. ट्रंक उघडताना घरातील एक वयस्क धर्मगुरू शेजारी बसवावा, म्हणजे कोणते हस्ताक्षर कोणाचे, हे तरी त्यांच्या हयातीत कागदावर येईल.